कोणत्याही खात्यातल्या बाया

माय, तुला आज जे सांगायचं आहे ते कामाचंच आहे. तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की रडणं वगैरे राहिलेलं नाही, म्हणून सरळ सांगता येईल. बोरगावकडच्या सुताच्या मिलमध्ये तू झाडू मारायचीस आणि मी तिथंच पगार विभागात तात्पुरती लागले होते, अजून पक्की नव्हते. ऐंशीचं दशक संपत आलेलं. पगारासाठी नवा कॉम्प्युटर आला होता आणि त्याच्या थंड खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं. त्याची तुला मोठी गंमत वाटायची. "विहारात काढतो तशा?" असं तू विचारलं होतंस.

त्याच दिवसांत सायकल स्टँडवर ती गोष्ट घडली. रिळं भरणारी एक बाई आपलं तान्हं पोर तिथं लुगड्याच्या झोळीत टांगून कामावर जायची. एका दुपारी सायकलींची रांग कोसळली आणि हँडल पोराच्या कपाळात घुसलं. पोर वाचलं. बाया मॅनेजरकडे गेल्या, पाळणाघर मागितलं. तो म्हणाला, कायदा तिसाच्या वर बाया असतील तिथं लागतो. "किस खाते में तीस औरतें हैं, बताओ." कुठं चार, कुठं सहा. बाया परत आल्या. संध्याकाळी भाकर थापता थापता तू मला हे सांगितलंस, बाजारात कांदा महाग झाला म्हणावं तशा आवाजात.

तेव्हा मी तुला आमचा हिशोब समजावला. कोणाचा पगार कोणत्या खर्चात धरायचा, याचा प्रत्येकाला पाच जागांचा कोड होता. पहिले दोन आकडे खात्याचे, पुढचे दोन कामाचे, शेवटी एक अक्षर. बायांना रात्रपाळी नसायची म्हणून त्यांचं अक्षर वेगळं, एल. महिनाअखेरी खर्चाचे गट करताना मी एकेक कोड टाकत बसत नसे. एकवीस लिहून पुढं स्टार दिला की कताई खात्याचं सगळं एका गटात येई. स्टार म्हणजे इथून पुढं काहीही चालेल. प्रश्नचिन्ह म्हणजे या एका जागी काहीही चालेल. तू तव्यावरची भाकर उलटलीस आणि म्हणालीस, "म्हंजे चार प्रश्न टाकले अन् मंग तुयं ते बायांचं अक्षर, तं बाई कोन्त्याबी खात्यातली असो, लुगडं नेसली का आली." मी हसले. मग हसू थांबलं: कायदा एका खात्यातल्या नाही, अख्ख्या मिलमधल्या बाया मोजत होता.

दुसऱ्या दिवशी मी तसंच केलं. कताई, रिळं, कँटीन, झाडझूड, पॅकिंग, सगळ्या बाया एकाखाली एक येत गेल्या. एका पानावर मावल्या नाहीत. मी छापील कागद घरी आणला. तुला वाचता येत नव्हतं, पण हजेरीच्या टोकनावरचा आपला नंबर ओळखायला यायचा. तू तो बोटानं शोधलास. मला वाटलं तू खूश होशील.

"कोनाले देनार हायेस हे?"

"साहेबाले."

"काई गरज नाई. तुया पायाले दोरी लावून बाजेले बांधून कामावर जात होती मी. मेली काय तू? शिकली, खुर्चीवर बसली. आता बाकीच्या पोरी पक्क्या होऊन राहिल्या, अन् तू खुर्ची घालवून राहिली?"

बाजेचं तू कधी सांगितलं नव्हतंस. पण पायात पैंजण घातले की मला का सहन होत नाही, ते मला त्या क्षणी कळलं. "म्हनूनच देऊन राहिली मी," एवढंच मी बोलले. तू जेवली नाहीस. मीही जेवले नाही.

महिन्याच्या कागदांत तो गट मी सगळ्यात खाली लावला. अकाउंट्सचे साहेब तिथवर येऊन थांबतात. "ये आखिरी वाला किसने माँगा?" "किसी ने नहीं, सर. सब खातों की औरतें एक जगह हैं." ते चष्म्यावरून माझ्याकडे बघतात. "ऊपर पूछेंगे तो तुम्हारा नाम बताना पड़ेगा." "बता दीजिए," मी म्हणते. त्यांनी कागद वर पाठवला. बरेच दिवस काहीच झालं नाही. माझ्याबरोबरच्या पोरी पक्क्या झाल्या, मी तशीच राहिले. मग सरकारी फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार अशी बातमी आली, आणि कापसाचे नमुने ठेवायची खोली रिकामी होऊन चुना लागला, पाळणे टांगले गेले. बायांना वाटलं मॅनेजरला दया आली. मी पक्की झाले ती फार उशिरा, पण 'मी म्हनलं होतं' असं तूही कधी म्हणाली नाहीस.

त्या पाळणाघरात आया म्हणून तुलाच विचारलं होतं. बसून काम होतं, झाडू सुटला असता. तू साफ नाही म्हणालीस. "जिंदगीभर लोकाईचं झाडलं, आता लोकाईचे पोट्टे नाई सांभाळत. माह्यं पोट्टं मी नाई सांभाळलं." त्या खोलीची पायरी चढणार नाही, असंही वर ऐकवलंस. बाया अजूनही भेटल्या की हसतात, तुई माय मोठी हेकट होती म्हणतात. मी हो म्हणते.

हे लिहिलेलं मी घडी घालून ठेवणार आहे, पोस्टात टाकायचं नाहीच. फक्त एक राहिलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीवरून जात होते. आया भाकर खायला बाहेर गेली होती. तू भिंतीला टेकून जमिनीवर बसली होतीस, पाय लांब केलेले, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, आणि तुझा डोळा लागला होता. अंगठा मात्र हलत होता. मी आवाज न करता मागं फिरले. सांगितलं असतं तर तू पुन्हा तिथं गेली नसतीस. मी पाहिलं होतं, माय.