चिरडलेली गोचीड

मंगळवार, दिवेलागणीनंतर

तापलेल्या सुमनला डॉक्टरांनी विचारलं, "गोचीड चावली होती का?"

"नाई जी, मले एकबी चावली नाई."

बायको खोटं बोलली नाही, प्रश्नच अपुरा होता. गाईच्या अंगावरची गोचीड काढून ही अंगठ्याच्या नखावर चिरडते. नखाकडेला धानकापणीची चीर आहे. गोचिडीचं रक्त त्या चिरेत गेलं, तरी ताप येऊ शकतो. मी वाचलंय हे. तिला सांगितलं तेव्हा म्हणाली, "काऊन, तुमी ढोरांचे डॉक्टर झाले का?"

आज मीच डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी तिचं रक्त तपासायला नागपूरला पाठवलं. तोवर मी काय करू? राहून राहून ती चीरच दिसते.

संध्याकाळी गोठ्यात गेलो. हातमोजे घातले, चिमट्याने कातडीलगत धरून एकेक गोचीड सरळ ओढली आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकली. जशी काढायला पाहिजे तशीच.

सुमनने खाटेवरून विचारलं, "चिरडल्या का?"

"नाही. स्पिरिटमध्ये टाकल्या."

"दारू पाजून राहिले का जी त्यायले?"

हसता हसता तिला हुडहुडी भरली. एक गोधडी घातली, मग दुसरी. तिसरी घरात नाही.