घरी विचारून सांगते

आई, तू गेलीस त्याला सव्वीस वर्षं झाली आणि तुझ्यासारखी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवणारी बाई आता लोकांना हवी झालीय. उस्मानपुऱ्यात डिझाईनचं म्युझियम आहे. अडकित्ते, पितळी डबे, हिमरू शालींचा माग, अशा रोजच्या वापरातल्या वस्तू तिथं मांडल्यात. रविवारी सगळ्यांना फुकट, शिवाय काहीतरी शिकवतात. वाचनालयात त्याचा कागद लावलेला पाहून मी मुकुंदवाडीहून रिक्षानं गेले. त्या दिवशी वाकळ होती. शिकवणारी मुलगी कापडाच्या मधूनच टाके घालायला लागली. मला राहवेना. "बाई, कडेनं धर आणि फिरत फिरत आत ये, नाहीतर कापड गोळा होतं." तिनं सुई माझ्याच हातात दिली. निघताना म्हणाली, "काकू, पुढच्या रविवारपासून तुम्हीच शिकवा." मी म्हणाले, "घरी विचारून सांगते."

घरी कोण आहे? मुलगा पुण्यात, हे जाऊन चार वर्षं झाली.

मी तेरा वर्षांची. न विचारता पुस्तक आणायला गेलेली. परत येते तर तू चुलीपुढं, दादा तुला नुकतेच बोलून बाहेर पडलेले. तू मान वर करत नाहीस. "इचारून गेली असतीस तर मी नाय म्हणले असते व्हय? तुझ्यापायी मला ऐकून घ्यावं लागलं." तव्यावरची भाकरी करपलीय, ती तू स्वतःच्या ताटात घेतेस. तेव्हापासून मी विचारत आले. तुला, दादांना, सासूबाईंना, मग यांना. हे कधी नाही म्हणाले नाहीत. "जा की, मला काय इचारती," म्हणून हसायचे. पण ते तसं म्हणेपर्यंत मी चप्पल घालत नसे.

त्या मुलीचा दोनदा फोन आला. दुसऱ्यांदा ती चेष्टेनं म्हणाली, "काका लई कडक दिसतात. द्या त्यांना, मीच विचारते." माझ्या तोंडून निघून गेलं, "ते शेंद्र्याला कंपनीत गेलेत. संध्याकाळी येतील."

आता कुठल्या तोंडानं जाऊ? उद्या रविवार आहे. साडीला इस्त्री केलीय, आणि मी जाणार नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून तुला खरं सांगते. खोटं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी त्यांची वाट पाहिली.