सत्त्याऐंशी दिवसांच्या पेशी

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. फुफ्फुसाची हमी देत नाही.

१. राहत्या दोन खोल्या व बँकेतली शिल्लक भाचीला. भावाला काही नाही. आईच्या आजारपणात त्याची नेमकी कंबर धरली होती. त्याला माझे जिने चढायला लावणं बरं नव्हे.

२. सूक्ष्मदर्शक शेजारच्या घड्याळजींना. त्यांची नजर अधू झालीय, हात नाही.

३. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, यांच्याविषयी. पेशी दुभंगली की तिच्या गुणसूत्रांची टोकं जराशी झिजतात. फार झिजली की ती मरते. कर्करोगाच्या पेशीकडे मात्र टोकं पुन्हा बांधणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, म्हणून ती मरायचं नाव घेत नाही. त्या विकराला अडवणारं औषध आम्ही पेशींना दिलं. दोन आठवडे झाले तरी पेशी मजेत. सर म्हणाले, "फेकून द्या, बाई. पालथ्या घड्यावर पाणी." मी "हो" म्हटलं आणि पेशींची बशी मागच्या इन्क्युबेटरमध्ये सरकवली. झिजायला वेळ लागतो, हे माझ्या चपलांनाही कळत होतं. सुट्टीतही जाऊन त्यांना खाऊपिऊ घातलं. सत्त्याऐंशीव्या दिवशी पेशी पटापट मरू लागल्या. सरांना दाखवलं. "मला वाटलंच होतं!" शोधनिबंधात माझं नाव आभारांत आलं, एसी दुरुस्त करणाऱ्याच्या खाली. हा राग अविभाज्य असल्याने त्याची वाटणी करू नये.

४. त्याच औषधाची सुधारलेली आवृत्ती सध्या माझ्या शिरेतून जाते आहे. चाचणी आहे. तरुण डॉक्टरीण म्हणाली, "आजी, धीर धरा हं. याचा गुण लगेच दिसत नाही."
"अगं, हे तू मला सांगतेस?"
गाठ वाढलेली नाही, कमीही नाही. प्लेटलेट्स मात्र घसरल्यात. भीती वाटते, हेही नोंदवते. मी गेल्यास गाठ या मुलीला अभ्यासाला द्यावी, आणि तिचं नाव निबंधात सर्वांत वर घालावं.

५. शोकसभा नको. सर बोलायला उठलेच, तर भाचीने ताबडतोब चहा आणावा.

साक्षीदारांनी वरील मजकूर वाचून तो खरा असल्याची खात्री केली आहे.

सही : लिहून ठेवणार
ठिकाण : कर्करोग विभाग, खिडकीजवळची खाट
दिनांक : सोमवार, भेटीची वेळ

साक्षीदार १ : (सही) माजी प्रयोगशाळा प्रमुख
साक्षीदार २ : (सही) मुख्य परिचारिका. मी सगळं वाचलं. पहिल्या साक्षीदारांनाही "वाचून घ्या" म्हटलं. ते म्हणाले, "बाईंनी लिहिलंय ना? मग वाचायचं काय त्यात!"