राहिलेला शनिवार

मी, बाइंडरची विधवा आणि स्वतःही बाइंडर. वय झाले, पण डोके जागेवर आहे. हे मृत्युपत्र मी कुणाच्या दबावाने नाही, माझ्या समजुतीने लिहिले आहे. याआधी कधी केलेले नाही.

शाळा मला मिळाली नाही. छापून आलेल्या फर्म्यांना, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या मोठ्या कागदांना, घड्या घालता घालता वाचायला शिकले, त्यामुळे कित्येक पुस्तके मी मधूनच सुरू केली.

१. माझ्या कष्टाचे हे घर माझ्या नातीला, जिला आम्ही ठिणगी म्हणतो, मिळावे. ती सज्ञान होईपर्यंत ते तिच्या आईने सांभाळावे. पुढची खोली भाड्याने देऊ नये. मुलगा आणि सूनबाई वेगळे झाल्यापासून दर शनिवारी बापलेक तिथे भेटतात. पुढेही तिथेच भेटावेत. किल्ली मुलाकडे आणि सूनबाईकडे, दोघांकडे असावी. कोर्टाच्या कागदावर ती माझी सून उरलेली नाही. या कागदावर आहे.

२. शनिवार चुकला, तर पुढच्या शनिवारच्या आत भरावा, कारण कुणाचेही असो. फर्मा राहून गेला तर आम्ही तो शेवटी चिकटवत नाही. शिवण उसवून जागच्या जागी घालतो.

मुलगा एकदा आलाच नाही. म्हणाला, "पुढच्या वेळी जास्त थांबतो की, आई."

"पुढचा शनिवार पुढचा. हा आधी भर."

सूनबाई फणकारली, "चुकवणार हे, आणि दिवस मी देऊ?"

"त्याला कशाला देतेस? पोरीला दे."

दिला तिने.

मग एकदा ठिणगीला ताप आला म्हणून सूनबाईने पाठवले नाही. मुलाला वाटले, मुद्दाम केले. कोर्टात अर्ज करायला वकिलाकडे निघाला होता. मी म्हटले, "पोरीला भेटायचंय ना? मग ती झोपलीय तिथे जा." गेला. दारात सूनबाई एवढेच म्हणाली, "आलात? आधी हात धुवा." संध्याकाळपर्यंत तो कपाळावरच्या पट्ट्या बदलत बसला. अर्ज राहिला तो राहिलाच.

या दोघांनी हे निभावले, याचा मला या घरापेक्षा जास्त अभिमान आहे. भांडायचे तर खुशाल भांडावे. ठिणगीला साक्षीला उभे करू नये.

३. ह्यांचे पुस्तके दाबायचे लोखंडी यंत्र मुलाला. त्याचा दांडा ह्यांच्या हाताने गुळगुळीत झाला आहे, तो रंगवू नये. हे गेल्यापासून रोज सकाळी मी त्यावर हात ठेवते, मग कामाला लागते.

४. नणंदबाई म्हणाल्या होत्या, "सून गेली की नात गेली म्हणून समज." त्यांना खिडकीजवळची खुर्ची. ती घरी नेऊ नये. शनिवारी येऊन तिच्यावर बसावे आणि बघावे.

५. बँकेत असेल त्यातून माझा शेवटचा खर्च, उरेल त्याची ठिणगीला पुस्तके.

६. माझ्या मरणाच्या गडबडीत एखादा शनिवार बुडेल. माणसे येतील, रडारड होईल, कुणाला वाराचे भान राहणार नाही. तोही भरून काढावा. माझी सबब चालणार नाही.

लिहून देणार: ठिणगीची आजी (सही)

आमच्यासमोर, वाचून दाखवल्यावर सही केली:
साक्षीदार १: शेजारचे शिंपीकाका (सही)
साक्षीदार २: मला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई (सही)

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ जून, शनिवार, बापलेक यायच्या आत