आरोपीचं पाणी

११ एप्रिल १९८३, भोकर

आज नवी फाइल आली. डोंगरातली उंबरदरी, आदिवासी वाडी. तिथला म्होरक्या ग्यानोबा. त्यानं व्यंकटी नावाच्या माणसाला झऱ्यावर यायला बंदी घातली, वाटेत काटेरी फांदी आडवी टाकली. व्यंकटीनं ठाण्यात तक्रार दिली. वाट अडवल्याचा गुन्हा. म्हणे त्यांच्या वाडीचा कायदा आहे तसा!

या दुष्काळात माणसाचं पाणी तोडायचं? वाचताना कानशिलं तापली. आमच्या आजोबांना उभ्या जन्मात आडाला हात लावू दिला नाही कुणी. सरकारी वकील झालो तो असल्यांसाठीच. हा खटला मन लावून चालवणार.

१४ एप्रिल

जयंती. भाषण केलं. पाण्यावरच बोललो. टाळ्या भरपूर.

१७ एप्रिल

कोर्टातला कारकून जिलानी म्हणाला, "साहेब, एकदा जागा तरी बघून या." गेलो. एसटीतून उतरून डोंगर चढायचा— बूट फाटला.

झरा म्हणजे खडकातला एक खड्डा. बायका नारळाच्या नरोटीनं पाणी काढून घागर भरतात. व्यंकटीला घाई झाली, त्यानं तळाला पहार घातली. तळ फुटला, निम्मं पाणी खडकात जिरलं. पंचांनी ठरवलं, पाऊस पडेपर्यंत यानं झऱ्याजवळ यायचं नाही.

मी तावातावानं बोलणार, तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन व्यंकटीच्या घरात शिरली. धुरपताबाई. तिनंच त्याला पंचांपुढे ओढलेलं!

"मग त्याला पाणी का नेता?"

"बोट म्या दावलं ना? मंग त्याचं पानी म्याच आणायचं. न्हाई तर कुनीबी उठून कुनावरबी बोट दावल की."

आरोप करणाऱ्यानं आरोपीचं पाणी भरायचं. व्यंकटी तहानलेला नव्हताच. म्हातारीच्या हातचं पिऊन पिऊन त्याला लाज वाटायला लागली, म्हणून तो ठाण्यात गेला. आणि मी तिकडे भाषणं ठोकतोय!

२३ एप्रिल

व्यंकटी बायकापोरांसह निजामाबादकडे कामाला निघून गेला. पत्ता नाही. फिर्यादीच नाही, साक्षीदार बोलायला तयार नाहीत. बरं झालं. ग्यानोबानं कोर्टात एवढंच म्हणायचं— गुन्हा कबूल नाही. खटला आपोआप पडेल. कधी नव्हे ते हरायची इच्छा झाली आहे.

घरून निरोप आला, रेणापूरला टँकर येतो कधीमधी. जिल्हा लातूर झाला, पेढे वाटले, नळ मात्र जुन्या जिल्ह्यातलाच वाटतो.

२८ एप्रिल

जिलानी बातमी घेऊन आला. "साहेब, काल समन्स मिळालं तवापासून ग्यानोबा झऱ्यावर जाऊन न्हाई राहिला. म्हन्तो, आता मी आरोपी हाय. बोट सरकारनं दावलं, पानी सरकारनं आणावं."

कोर्टात सगळे खो खो हसले. मीही हसलो. मग विचारलं, शेजारी देत नाहीत का?

"देतात की. त्यो घेतच न्हाई."

जेवण गेलं नाही.

२९ एप्रिल

पहिल्या एसटीनं गेलो. धुरपताबाईची घागर मागून घेतली, झऱ्याशी वाकलो. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. खांद्यावर घेतली तर अर्धं पाणी सदऱ्यावर!

ग्यानोबा दारातच बसलेला. ओठ फुटलेले. तांब्या भरला आणि हात थांबला. म्हटलं आधीच सांगावं. सांगितलं, मी बौद्ध. आमच्या हातचं लोक पीत नसत.

"जात इचारली का म्या? बोट तुमीच दावलं ना? द्या मंग."

माझ्या हातातूनच तांब्या घेतला आणि घटाघटा प्याला. मला रडू आलं. लपवलं नाही.

निघताना त्याला म्हटलं, "ग्यानोबाबा, सोमवारी कोर्टात फक्त नाही म्हणा. बाकी मी बघतो." सरकारी वकिलानं हे बोलू नये. बोललो. म्हातारा मिशा पुसत राहिला.

१ मे

सुट्टी. पुन्हा घागर नेऊन दिली. आज कमी सांडलं.

२ मे

न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? ग्यानोबानं माझ्याकडे पाहून हात जोडले. "हाव. वाट म्याच अडवली."

मी उठेपर्यंत लिहूनही झालं. आठ दिवसांची कैद.

बाहेर धुरपताबाईला विचारलं, असं का केलं यांनी? मी सांगितलं होतं ना! ती माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तशी बघत राहिली.

"तुमच्या हातचं पानी प्यालाय त्यो, सायेब. तुमच्या म्होरं खोटंच न्हाई कसा म्हनल?"