इंजिनाला छळायचं यंत्र

३ फेब्रुवारी
आजवर स्वतःच्या हातांनी केलेलं: वॉशिंग मशीनच्या मोटारीवरचं ग्राइंडर, मोडक्या सायकलीचं पॉलिशिंग मशीन, टाकी भरली की ओरडणारा भोंगा (कधीकधी रिकामी असतानाही). कॉलेजची पायरी चढलो नाही. अडलंही नाही.
आता टेस्ट रिग, म्हणजे इंजिनाला छळून तपासायचं यंत्र. पंपाची इंजिनं बनवणारे कारखानदार म्हणाले, आमच्याकडे इंजिन झकास चालतं, गिऱ्हाइकाकडे गेलं की बंद पडतं. पडणारच! ह्यांचे इंजिनिअर ते एसीत, लादीवर तपासतात. मी खरी परिस्थिती देणार: धूळ, हादरे, पाणी. बंद पाडून दाखवलं तर दहा रिगची ऑर्डर. नाहीतर मी मेहुण्याच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलंय. ठरलं तेव्हा मी घरात नव्हतो.

९ फेब्रुवारी
धूळ. कण एकसारखे हवेत, म्हणून माती पिठाच्या चाळणीने चाळली. ही म्हणाली, अहो, इंजिनाचं राहू द्या, तुम्हालाच खरी परिस्थिती दाखवते. नवी चाळणी आणणे.
इंजिन चालूच. धूळ फेकणारा ब्लोअर जॅम. धूळ त्याच्यातच गेली. हल्ली माल बेकार येतो.

१४ फेब्रुवारी
हादरे. इंजिन मजेत. टेबलाचे दोन पाय वाकले. वेल्डिंग माझं, पण रॉड दुकानदाराचे.
मेहुणा डोकावला. म्हणे, दाजी, टाइल्स हलत नाहीत हो. दुर्लक्ष केलं.

१९ फेब्रुवारी, दुपार
शॉवर बसवला. पाणी रिगच्याच मीटरमध्ये शिरलं. इंजिन चालूच. एखादी गोष्ट इतकी धड चालणं संशयास्पद आहे.
गिऱ्हाईक चिडून लाथही मारतं, हे कारखान्यात कोण धरतं? लोखंडी लाथ बसवली. टोकाला माझा बूट.
डिझेल मात्र तलम कापडातून दोनदा गाळून घालतो. वैर असलं तरी घाण मला खपत नाही. ही विचारते, गिऱ्हाईक गाळून घालतं का? बायकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत.

२३ फेब्रुवारी
प्रात्यक्षिक. सगळं एकदम चालू केलं. लाथ चुकून खांबाला बसली. शॉवर, ब्लोअर, टेबल ओळीने खाली. इंजिन जमिनीवर उतरून चालूच. हिने दारातूनच कारखानदारांना सांगितलं, डिझेल गाळलेलं आहे बरं का.
त्यांनी गाडीतून गिऱ्हाइकाकडचा कॅन आणला. ते गढूळ डिझेल घातलं. दोन आचके, इंजिन बंद.
म्हणजे बंद पडलं ते माझ्याच शेडमध्ये! ऑर्डर पक्की.

२ मार्च
दुकानातून लिहितोय. काउंटर सूतभर ढळलाय, मेहुण्याच्या लक्षात आणून दिलं. तो म्हणाला, दाजी, गिऱ्हाईक बघा.
कारखानदारांनी इंजिनाला चांगलं फिल्टर बसवलं. रिग नको म्हणाले. मग परत फोन: मोडलेली रिग तेवढी द्या, प्रदर्शनात ठेवू, वर पाटी, ‘आमच्या इंजिनाने हिचं काय केलं पाहा.’ साफ नाही म्हणालो. पाच हजार देत होते. शेजारी मी उभा राहिलो, तर सहा.