घोटाभर पाणी

पाटोदा, १२ मे १९९४

प्रिय बंकट,

सोसायटीनं परवा माझा सत्कार केला तेव्हापासून अंगाची लाही होतेय. माझ्या नव्या कादंबरीतला गावपाटील निजामाच्या काळात दुष्काळातली वैरण चोरून विकतो आणि बोभाटा करणाऱ्या मेंढपाळाला मारून विहिरीत टाकतो. त्याचं बोलणं, चालणं, मिशी पिळणं, सगळं मी आपल्या चेअरमन आप्पारावांचं उचललं. वाटलं, वाचून तरी घाम फुटेल. तर त्यांना पुस्तक आवडलं! शाल घालताना म्हणाले, निजामाच्या राज्यात गरिबाच्या जिवाला किंमत नव्हती, सहकार आला म्हणून आपण वाचलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाकून नमस्कार केला.

बावीस वर्षं तालुक्याचा बातमीदार आहे. टँकर, रोजगार हमी, चारा, सगळ्यावर लिहिलं. पण जिथं नाव घालायचं तिथं लेखणी अडायची. मग निजामाच्या आड लपलो. मेलेल्या राजवटीला कोण भितं? सहा कादंबऱ्यांत सहा खुनी पकडले. या खेपेच्या अमीनानं, म्हणजे निजामाच्या फौजदारानं, तर विहिरीत काठी बुडवून पाहिली आणि घोटाभर पाण्यात माणूस बुडतो कसा, एवढंच विचारून पाटलाला बेड्या घातल्या. हे सुचलं कसं, म्हणून पुण्याहून एका वाचकाचं पत्र आलं.

तुला सुनेनं पुस्तक वाचून दाखवलेलं. कार्यक्रमानंतर माझा हात धरून तू विचारलंस, "मोहन, लई डोकं चालतं तुजं. मग आमच्या सटवाच्या टायमाला कावून न्हाई चाललं बे?" मी चहा घे म्हणालो. तू न घेताच गेलास.

चाललं होतं, बंकट. बहात्तरच्या दुष्काळात तुझ्या भावानं सोसायटीची वैरण आप्पारावांच्या ट्रकमध्ये भरली जाताना पाहिली. बैठकीत बोलला आणि तिसऱ्या दिवशी विहिरीत सापडला. तू मेंढरं घेऊन उमापूरकडं गेलेला. मी विहिरीत उतरलो होतो. माझ्या पोटऱ्या कोरड्याच राहिल्या. सटवाच्या कानामागं खोल घाव होता. तरी 'पाय घसरून, बुडून मरण' असा पंचनामा झाला आणि त्याखाली पंच म्हणून मी सही केली. त्याच आठवड्यात आप्पारावांनी मला बातमीदार करून दिलं. माझी पहिली छापून आलेली बातमी सटवाच्या बुडण्याची होती. आता हा कागद ठाण्यात ने, नाहीतर चावडीवर वाच. मी फिरणार नाही.

म्हणवून घ्यायचं तोंड नाही, तरी

तुझाच,
मोहन